कारणे दाखवा

मी बंधाऱ्यावर पाणी मोजतो.
तासातासाला पट्टीवर बॅटरी मारायची,
फूट आणि इंच वहीत लिहायचे,
फोन करून वर कळवायचे.
एकोणीस वर्षं झाली.
पंचगंगेला मी कधी आई म्हटलं नाही,
तीही मला काही म्हणाली नाही.
आमचं बोलणं आकड्यांत.

त्या रात्री अकराला
एकेचाळीस फूट दोन इंच.
फोन उचलणारा म्हणाला, साहेब जेवाय बसल्यात.
बाराला एकेचाळीस सात.
जेवण झालंय, बैठक चाललीया.
एकला बेचाळीस फूट.
अहो, बैठकीत ह्योच विषय हाय,
सारखा फोन करू नका.
दोनला फोन उचलला नाही.
तीनला पट्टीवरचा त्रेचाळीस
डोळे मिटून पाण्याखाली गेला.
मी वहीत लिहिलं, खाली सही केली,
सही करायची असते म्हणून.

मग वही मिटली
आणि सुतारवाड्यात दिलावर शिकलगारला फोन लावला.
म्हटलं, उठव सगळ्यांना.
हुकूम कुणाचा, हे त्यानं विचारलं नाही.
तेलाच्या रिकाम्या डब्यावर उलथनं बडवत
गल्ली न् गल्ली फिरला, पाणी पोटरीला लागेपर्यंत.
माणसं मठाकडं निघाली,
गॅसची टाकी, दप्तरं, मिक्सर,
एक गाभण शेळी, देवाचा पाट,
कुणाच्या तरी लग्नाचा न वाटलेल्या पत्रिकांचा गठ्ठा.

गोदाक्का नेजदार तेवढी राहिली.
कान गेलेले. खालच्या खोलीत एकटी निजायची.
शेजाऱ्यांना वाटलं, लेकीकडं गेली असेल.
सकाळी दिलावरनं तिला बाहेर काढलं.
काढलं, म्हणजे

माझ्या वहीत त्याला रकाना नाही.

पाणी उतरायला लागलं तेव्हा साहेब आले.
गमबूट नवे, एका तळव्याला किमतीची चिठ्ठी तशीच.
मठाच्या पायरीवर उभं राहून म्हणाले,
निसर्गापुढं कुणाचं काय चालतंय!
मान हलवली. लोकांनीही हलवली,
तीन दिवस उपाशी मान कशीही हलते.
मग जरा खुलून विचारलं,
गंगावेशीत म्हशी उभ्या असतात का अजून?
लहानपणी यायचो आम्ही, धार थेट ग्लासात!
मागनं कुणीतरी म्हणालं,
म्हशी व्हावून गेल्या साहेब. माझ्याच चार.
अरेरे, म्हणाले साहेब.
मी सवयीनं मोजला तो अरेरे.
अर्धा इंच.
लगेच ओसरला.

गोदाक्काचं नाव कुणी सांगितलं नाही,
मीही नाही. हे लिहून ठेवतो,
कारण दुसऱ्याचं मोजताना
आपलं सोडून देणं बरं नाही.

दीड महिन्यानं कागद आला.
वरिष्ठांच्या पूर्वपरवानगीशिवाय
नागरिकांना परस्पर सूचना देऊन
भीतीचे वातावरण निर्माण केल्याबद्दल
आपणांविरुद्ध कारवाई का करण्यात येऊ नये,
याबाबत सात दिवसांत लेखी खुलासा सादर करावा.
खाली सही, तीही दुसऱ्यानं, करिता म्हणून केलेली.
एवढा पूर आला, एवढं गाव बुडालं,
कारण विचारलं ते मला एकट्याला.
खोटं कशाला सांगू, पहिल्यांदा बरंच वाटलं.
कुणीतरी काहीतरी विचारलं.

सहा दिवस कोरा कागद पुढ्यात.
भिंतीवर पाण्याची रेघ, तिच्याखाली चुना फुगलेला.
बायको म्हणाली, चूक झाली म्हणून लिवा न् मोकळं व्हा.
दिलावर म्हणाला, माझं नाव घाल, मी डबा वाजवला.

सातव्या दिवशी लिहिलं.

महोदय,
गोदाक्का नेजदार हिला ऐकू येत नव्हतं.
मला येत होतं.
करिता सादर.

वहीच्या पानांच्या झेरॉक्स जोडल्या, अकरा ते तीन.
गंगावेशीतल्या पोस्टातनं रजिस्टर केलं.
खर्च स्वतःचा.
पोचपावती अजून आली नाही.